नवव्या भागातली सुटका

दुधाचा ट्रक त्यांना लागला नाही, एवढंच मंगळवारी सकाळी घडलं. न लागलेल्या ट्रकची कुठे नोंद होत नाही. पोलीस येत नाहीत, विमावाले येत नाहीत, बायकोला सांगावं तर ती म्हणते, मग झालं काय? मिल्टन ऑर्बाख नेहमीप्रमाणे गाडी चालवणाऱ्या ऑर्व्हिल टीगच्या शेजारी, डॉजच्या उजव्या सीटवर, मांडीवर कागद आणि तोंडात पेन्सिल अशा अवस्थेत बसला होता. लॅंकरशिमच्या चौकात भोंगा ऐकू आला, त्याने मान वर केली, समोरची सगळी काच पांढरी झालेली दिसली आणि त्याच्या तोंडून पेन्सिलीसकट ‘ऑर्व्हिल’ असं बाहेर पडलं. गाडी थांबली. कागद पायाशी गेले. मग त्याच्या बाजूच्या खिडकीत, हात बाहेर काढला असता तर लागली असती इतक्या जवळ, रिकाम्या बाटल्यांचे खोके किणकिणत होते आणि रंगवलेली एक हसरी गाय होती. गाय हळूहळू लहान झाली. टीग म्हणाला, ‘‘गाईला घाई दिसतेय,’’ आणि गियर टाकला. पुढे स्टुडिओच्या फाटकापर्यंत दोघंही काही बोलले नाहीत. न बोलण्यात विशेष नव्हतं. अकरा वर्षं ते रोज सकाळी असेच न बोलता जात होते. पण आज मिल्टनने पायाशी गेलेले कागद फाटकापर्यंत उचललेच नाहीत.

टीगने बघितलंच नव्हतं. ट्रक काही उंदीर नव्हता. भरदिवसा, ऊन टीगच्या पाठीशी, आणि ट्रक घराएवढा. ज्या माणसाने सहा घोडे जुंपलेल्या गाड्यांवरून, धरणांवरून, जळत्या गिरणीच्या तिसऱ्या मजल्यावरून उड्या टाकल्या आणि दर वेळी पडायचं ठिकाण इंचात मोजून घेतलं, त्या ऑर्व्हिल टीगला ट्रक दिसला नाही. एकदा हे वाक्य मनात तयार झाल्यावर बाकीचं आपोआप येऊन त्याला चिकटू लागलं. मागच्या महिन्यात कॅंटीनमध्ये टीगने बशीवर ठेवलेला कप बशीच्या कडेवर बसला आणि उलटला. टीग हसला होता. परवा सिगरेट पेटवताना काडीची ज्योत सिगरेटच्या दोन बोटं अलीकडेच थांबली, आणि टीग तिथेच ओढत राहिला, हवेला. तेव्हा मिल्टनला वाटलं होतं, पोरकटपणा चाललाय. एका डोळ्याच्या माणसाला अंतर कळत नाही, हे त्याने स्वतःच एका जुन्या मालिकेत समुद्री चाच्याच्या तोंडी घातलं होतं. तेव्हा ते त्याने विश्वकोशात वाचलं होतं आणि आपण अभ्यास करून लिहितो याचं त्याला आठवडाभर समाधान वाटलं होतं. तर टीगचा एक डोळा गेला होता. उजवा. ट्रक उजवीकडे होता. मिल्टनने स्वतः पाहिला होता, स्वतःच्या खिडकीत.

स्टुडिओत मिल्टनच्या खोलीवर त्याचं नाव होतं, हुद्दा नव्हता, कारण त्याच्या हुद्द्याला नाव नव्हतं. स्टुडिओ दर वर्षी बारा भागांच्या तीन मालिका काढी. शनिवारी दुपारी देशभरातली पोरं खारे दाणे घेऊन थिएटरात बसत आणि भागाच्या शेवटी नायक मरे. पुढच्या शनिवारी पहिल्या दोन मिनिटांत तो मेलेला नसे. ही दोन मिनिटं मिल्टनची. बाकीचं लिहायला दुसरे होते. संकटात टाकायला काय, कुणीही टाकतो. मिल्टनच्या कामाला स्टुडिओत नुसतं ‘सुटका’ म्हणत. सोळा वर्षांत त्याने जंगलचे राजे, अवकाशातले कप्तान आणि विशेषेकरून कॅनडाच्या सीमेवरच्या घोडदळ-पोलिसांचे सहा सार्जंट यांना पाचशेच्या वर मरणांतून बाहेर काढलं होतं. पद्धत एकच. मागच्या आठवड्यात जे दाखवलं त्याच्या मध्ये, जे दाखवलंच नव्हतं असं एक दृश्य घालायचं. गाडी कड्यावरून गेली खरी. पण जाण्याआधी, बघा, सार्जंटने उडी मारली होती. ही धडधडीत लबाडी होती. पोरांना ती कळे आणि पोरं ती चालवून घेत. मिल्टनचे वडील नेवार्कला औषधांचं दुकान चालवत आणि धर्माला धरून वागत. त्यांनी एकदा एक भाग पाहिला होता. बाहेर आल्यावर म्हणाले होते, ‘‘म्हणजे ज्याने मारलं त्यानेच आधी वाचवून ठेवलेलं होतं. मग मागच्या शनिवारी आम्ही घाबरलो ते कशाला?’’ मिल्टन लॅटिनचा मास्तर होता तोवर त्याच्याकडे असल्या प्रश्नांची उत्तरं असत.

शिवाय स्टुडिओ नवे कडे विकत घेत नसे. कड्यावरून कोसळणारी गाडी एकोणीसशे अडतीसमध्येच कोसळून ठेवलेली होती. ते चित्रीकरण डब्यात होतं आणि दर दोन-तीन वर्षांनी बाहेर निघून नव्या सार्जंटला मारत असे. त्या गाडीवर पाठमोरा दिसे तो टीग. त्यामुळे सार्जंटचं काम करायला येणाऱ्या नटाची पहिली परीक्षा कपडेपटात होई. मिसेस ओचोआ टीगच्या मापाचा लाल डगला त्याच्या अंगात चढवी. खांदे बसले तर नायक, नाही बसले तर पुढचा. लाल रंग लाल दिसण्याचा प्रश्नच नव्हता, चित्रपट काळापांढराच असे. पण डगला लाल लोकरीचाच हवा, असं कुणीतरी कधीतरी ठरवून ठेवलं होतं, आणि कॅलिफोर्नियातल्या शंभर डिग्रीत सहा नट त्यात घामाने भिजून कॅनडाच्या थंडीत कुडकुडले होते. सार्जंट बदलत गेले. एक बाटलीपायी गेला, एक निवडणुकीला उभा राहिला. पाठ तीच राहिली. पाठीचं नाव श्रेयनामावलीत कधी आलं नाही. मालिका दुसरी, पाठ तीच, हे फक्त एखाद्या चाणाक्ष पोराच्या लक्षात येत असेल, आणि त्याचं कोण ऐकणार.

मिल्टनची आणि त्या पाठीची ओळख झाली ती चार शब्दांमुळे. नवा होता तेव्हा त्याने लिहिलं होतं, ‘सार्जंट खिडकीतून बाहेर पडतो.’ दुसऱ्या दिवशी खोलीच्या दारात एक दणकट माणूस उभा, हात गळ्यात बांधलेला, कपाळावर टाके. त्याने विचारलं, ते चार शब्द तुमचेच का? मिल्टन म्हणाला, हो. माणूस म्हणाला, कोणत्या मजल्यावरून ते लिहायला पाचवा शब्द लागला असता, प्रोफेसर. रागाने नाही, हिशेब चुकलेल्या पोराला सांगावं तसं. तेव्हापासून मिल्टन लांब वाक्यं लिहू लागला. कोणत्या मजल्यावरून, खाली काय, गवत किती, पाय आधी की खांदा. जणू शब्द जितके जास्त तितकी खाली गादी जाड. आणि मिल्टनला गाडी येत नाही असं कळल्यावर (लॉस एंजेलिसमध्ये हे म्हणजे कोळ्याला पोहता न येण्यासारखं, मेव्हण्याने एकदा शिकवायचा प्रयत्न केला तेव्हा मिल्टनने उभ्या असलेल्या लिंबाच्या झाडाला धडक दिली होती) टीग रोज वाटेत थांबू लागला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि आता नववा भाग. सुरुंगाची दारू भरलेली गाडी उधळलेली, सार्जंट एकटा वर, पुढे अडतीस सालचा कडा. सुटका मिल्टनने दोन महिन्यांपूर्वीच लिहून दिली होती: गाडी ओकच्या झाडाखालून जाताना सार्जंट उडी मारून फांदी पकडतो. फांदी जमिनीपासून किती, गाडीपासून किती, सगळं लिहिलं होतं. चित्रीकरण शुक्रवारी. रस्ता आणि झाड ठरलेलं. झाड रस्त्याच्या उजव्या अंगाला. मंगळवारी दुपारी मिल्टन स्वतःच्याच वाक्यासमोर बसला होता आणि ‘उजव्या’ या शब्दाखाली पुन्हा पुन्हा पेन्सिलीने रेघ ओढत होता. उधळलेल्या चार घोड्यांमागे उभा राहून एक आंधळी बाजू असलेला माणूस त्याच आंधळ्या बाजूला उडी घेणार, कारण मिल्टन ऑर्बाखने तसं लिहिलं. दिग्दर्शक फिंचसाहेबांना सांगावं तर त्याच दुपारी टीगचं काम संपलं. असे संपलेले मिल्टनने पाहिले होते. एक जण पेट्रोल पंपावर काचा पुशी आणि ओळखीचं कुणी आलं की टोपी खाली ओढी. टीगला विचारावं तर? ‘ऑर्व्हिल, तुला दिसत नाही का रे?’ हे वाक्य मनात जुळवून बघितलं. घोड्यावरून पडलेल्या टीगलादेखील कुणी, पडलास का, असं विचारत नसे. उडी काढून टाकावी तर ती पोस्टरवर छापून गेली होती. सोळा वर्षं ज्यांचा जीव गेला नव्हता त्यांना वाचवण्यात गेली, आणि पहिल्यांदा खरा माणूस हाती आला तर सुचेना.

बुधवारी कॅंटीनमध्ये त्याने मिठाचा डबा उजव्या बाजूने टीगकडे हलकेच सरकवला. टीगने न बघता उचलला. यातून काहीच सिद्ध झालं नाही. मीठ नेहमी तिथेच असे. त्याच संध्याकाळी घरी भांडी पुसताना मिल्टनला सुटका सापडली, आणि ती इतकी सुरेख होती की त्याचा स्वतःवर विश्वास बसेना. गाडी त्याच रस्त्यावरून उलट दिशेने पळवायची. म्हणजे तेच झाड डावीकडे येईल, टीगच्या चांगल्या डोळ्याकडे. पडद्यावर दिशा चुकू नये म्हणून फिल्म उलटी छापायची, आरशात दिसते तशी. ते रोजचंच आहे. फक्त सार्जंटचा खांद्यावरचा पट्टा, पिस्तुलाचं म्यान, बटणं, गाडीवरच्या खोक्यांवरची अक्षरं हे सगळं आधी उलटं करून घ्यावं लागेल, म्हणजे छापल्यावर सुलटं दिसेल. एका माणसाचा डोळा झाकायला अख्खी सरहद्द आरशात उभी करायची. रोझलिनने, म्हणजे बायकोने, विचारलं, एकच बशी किती वेळ पुसतोयस. तो म्हणाला, झाली.

फिंचना काय सांगायचं तेही तयार होतं. फिंच हा नेमस्त आणि वक्तशीर माणूस. त्याला देव एकच, सावल्यांचा मेळ. अडतीस सालच्या चित्रात सावल्या ज्या बाजूला पडल्यात त्या बाजूलाच नव्या चित्रीकरणात पडल्या पाहिजेत, नाहीतर त्याला जेवण जात नसे. मिल्टनने सांगितलं, आपल्याला शुक्रवारी सकाळचंच ऊन मिळणार. रस्ता उलटा पळवून फिल्म फिरवली तर सावल्या जुन्यांना तंतोतंत मिळतील. फिंचने भिंग काढलं, जुन्या फिल्मचा तुकडा उजेडाला धरला, बराच वेळ बघितलं, आणि डोळ्यांत पाणी येईल की काय अशा आवाजात म्हणाला की सोळा वर्षांत लेखकांपैकी कुणी पहिल्यांदाच सावलीचा विचार केला. मिल्टनला शरमेपेक्षा अभिमान जास्त वाटला. हे त्याने स्वतःपाशी नोंदवून ठेवलं.

मिसेस ओचोआ इतकी सोपी नव्हती. गुरुवारी सकाळी तिने डगला उलटा करून टेबलावर पसरला होता, तोंडात टाचण्या होत्या. बटणं डावीकडची उजवीकडे घेताना तिने विचारलं, हे कशासाठी, मिस्टर ऑर्बाख?

‘‘सावल्यांसाठी.’’

‘‘सावल्यांना बटणं नसतात,’’ मिसेस ओचोआ म्हणाली. एक टाचणी काढून लावली. ‘‘टीगला विचारलंत?’’

मिल्टन म्हणाला की फिंचसाहेबांनी मंजूर केलंय. ती म्हणाली, मी फिंचसाहेबांचं विचारलं नाही. मग ती पुन्हा टाचण्यांकडे वळली. तिला काय माहीत होतं? वीस वर्षं ती या माणसाच्या अंगावर कपडे चढवत होती. काही माहीत असेल तर तिलाच. मिल्टन दारापर्यंत जाऊन परत आला, टेबलावरचं एक बटण उचललं, ठेवलं, आणि गेला. विचारायला तोंड उघडलं तर माहीत असलेलं आपणच सांगून बसू, अशी त्याला भीती वाटली. त्याच दिवशी घरी जाताना गाडीत टीगने विषय काढला. ऐकलं की रस्ता उलटा पळवताहेत. कुणाची कल्पना? मिल्टन म्हणाला, फिंचची, सावल्या. टीगने मान हलवली. सिग्नलला गाडी थांबवत म्हणाला, म्हणजे झाड डावीकडे येणार. मिल्टन म्हणाला, हो. टीग म्हणाला, ‘‘बरं.’’

हे ‘बरं’ घेऊन मिल्टन घरी आला. ते सुटकेचं ‘बरं’ असणार, नक्कीच. ओझं उतरलेल्या माणसाचं. पण त्यात श्वास बाहेर गेला होता की आत घेतला होता? जेवताना त्याला ते खांदे उडवल्यासारखं वाटलं, जेवणानंतर धमकीसारखं. रोझलिन म्हणाली, तुझं लक्ष कुठंय. तो म्हणाला, नवव्या भागात. ती म्हणाली, सार्जंट वाचेल रे, दर वेळी वाचतो. आणि मग, दात घासताना, आरशात, डाव्या हातात ब्रश धरलेला माणूस बघताना, त्याच्या मनात पहिल्यांदा आलं: ट्रक उजवीकडूनच आला ना? अर्थात. खिडकीत होता. गाय होती, बाटल्या होत्या, त्याच्या खिडकीत. त्याने ते चित्र पुन्हा चालवलं. पहिल्यांदा भोंगा, मग पांढरं, मग गाय. पांढरं कुठे होतं? समोर. गाय कुठे होती? उजवीकडे. पांढऱ्याच्या आधी कुठे होतं? आधी तो कागदात बघत होता. आधीचं दृश्य नव्हतंच. सोळा वर्षं दुसऱ्यांच्या आठवणीत नसलेली दृश्यं घालणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या आठवणीत नेमकं तेच दृश्य नव्हतं, आणि तिथे त्याने, सवयीप्रमाणे, हवं ते घातलं होतं की काय, हे आता कोण सांगणार? ट्रक उजवीकडून येताना त्याने आता स्पष्ट पाहिला. मग मुद्दाम डावीकडून आणून पाहिला. तोही तितकाच स्पष्ट आला.

शुक्रवारी सकाळी आठ वाजताच खोऱ्याच्या टोकाचे लालसर खडक तापायला लागले होते. माणसं पोती उपडी करून कॅनडा पसरत होती. पोत्यांत बर्फ म्हणून पांढरे केलेले कॉर्नफ्लेक्स, आणि वाऱ्याने ते नाकातोंडात जात होते. डॉज खडकांच्या सावलीत लावून टीग आता उलट्या डगल्यात उभा होता. पट्टा दुसऱ्या खांद्यावरून, म्यान दुसऱ्या कमरेला, टोपी भुवयांपर्यंत. ओळखीचा माणूस आरशात बघितला की कसा किंचित परका, किंचित दुष्ट दिसतो, तसा. मिल्टनला वाटलं, आत्ता जावं आणि विचारावं. जाताना काय म्हणायचं ते ठरवायला तो कागद मांडीवर घेऊन बसला आणि तेवढ्यात घोडे जुंपले गेले. गाडी त्याच्या समोरून, उलटी अक्षरं मिरवत, वरच्या टोकाला उभी करायला निघाली. तो गाडीकडे बघत राहिला. प्रथम घोडे दिसले, मग टीग, मग खोकी, मग गाडीची मागची फळी, आणि ती फळी लहान होत गेली.

लहान होत गेली. खिडकीतली गाय लहान होत गेली होती. गाय ट्रकच्या मागच्या दारावर होती. बाटल्यांचे खोकेही मागेच लावतात. ज्याची पाठ दिसते तो आपल्याकडे येत नसतो, आपल्याकडून निघून जात असतो. ट्रक उजवीकडून आलाच नव्हता. तो उजवीकडे गेला होता. आला होता डावीकडून, टीगच्या बाजूने, टीगच्या कोपरापासून हातभर अंतरावरून, आणि टीगला दिसला नव्हता.

वर कुणीतरी रुमाल हलवला. मिल्टन उठून उभा राहिला. त्याच्या मांडीवरचा नववा भाग बर्फात पडला. सार्जंट, कप्तान, राजे, सगळ्यांच्या तोंडी त्याने ‘थांबा’ हा शब्द किती वेळा घातला असेल, आणि आता त्याने नुसता अर्धवट हात वर केला. घोडे आले. धूळ आणि कॉर्नफ्लेक्सचं पांढरं पीठ एकत्र उधळलं. टीग गाडीवर उभा होता, गुडघे वाकवून, तोंड पूर्ण डावीकडे फिरवून, इतकं की हनुवटी खांद्याला लागली होती, चांगला डोळा त्या बाजूला न्यायला. मग तो उडाला. आणि मिल्टनने पाहिलं, बाकी कुणी पाहिलं नसेल: हात फांदीच्या अलीकडे मिटला. हवेवर मिटला, पुन्हा उघडला, अंधाऱ्या खोलीत दिव्याचं बटण चाचपावं तसा चाचपडला, आणि मग सगळं शरीर पुढे गेल्यावर कोपर फांदीत अडकलं. टीग लोंबकळला. टोपी पडली. त्याचं संपूर्ण टक्कल सकाळच्या उन्हात चकाकलं. तो खालच्या गाद्यांवर उतरला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

फिंच टाळ्या संपेपर्यंत थांबला आणि म्हणाला की फार सुंदर, पण टोपी पडली, पुन्हा एकदा. यंदाच्या सार्जंटला कुरळे केस होते आणि पोस्टरवरही ते होते. मिल्टन म्हणाला, टोपी पडते असं लिहितो मी. फिंचने त्याच्याकडे दयेने पाहिलं. सोळा वर्षांत एकाही सार्जंटची टोपी पडलेली नाही, ऑर्बाख. आणि त्या टकलाचं काय लिहिणार?

टीग कोपर चोळत चढाच्या दिशेने निघाला होता. मिल्टन धावत त्याच्या शेजारी गेला, मग थांबून दुसऱ्या, उजव्या अंगाला आला.

‘‘डावा डोळा,’’ मिल्टन म्हणाला.

‘‘हळू बोल.’’

‘‘मला उजवा वाटला होता.’’

टीग थांबला. त्याने पूर्ण वळून मिल्टनकडे पाहिलं. ‘‘हे तू केलंस? हा उलटा रस्ता? तू?’’

मिल्टनने मान हलवली.

‘‘तो रस्ता मी निवडला होता, प्रोफेसर. महिनाभर हिंडलो. उजव्या हाताला झाड असलेला एकच सापडला.’’ तो हसायला लागला, आवाज न करता, आणि हसताना कोपर धरून ठेवलं. ‘‘आणि मी म्हणत होतो, फिंचला सावल्यांपायी रस्ता उलटवायचं एकदम कसं सुचलं.’’

‘‘मग बोलला का नाहीस?’’

‘‘काय बोलू? साहेब, मला डावीकडचं झाड दिसत नाही?’’ टीगने तळहातावरचं पीठ झटकलं. ‘‘आता बाजूला हो. एकदा जमलंय.’’

‘‘जमलं नाही. हात चुकला तुझा. कोपर अडकलं.’’

‘‘कोपर माझंच आहे,’’ टीग म्हणाला आणि चढू लागला.

मिल्टन तिथेच उभा राहिला. त्याला वेळ फार नव्हता आणि तो वेळ त्याने नेहमीप्रमाणे मध्ये घालता येईल असं दृश्य शोधण्यात घालवला. घोडा लंगडतो. सूर्य ढगात जातो. फिंचला फोन येतो. आकाशात ढग नव्हता आणि फोन इथून चार मैलांवर होता. वर टीग गाडीवर चढून लगाम हातात घेत होता. पहिल्या झटक्यात लगाम त्याला सापडला नाही, दुसऱ्यात सापडला. मिल्टन फिंचकडे गेला आणि त्याने सहा शब्द उच्चारले, ज्यांत काहीही सुचलेलं नव्हतं. ‘‘त्याला डाव्या डोळ्याने दिसत नाही, साहेब.’’ तो हळू बोलला होता, पण त्या क्षणी वारा पडला होता, आणि कॅमेऱ्यामागची माणसं, घोडेवाले, छत्री घेऊन उभी असलेली मिसेस ओचोआ, सगळ्यांनी ते ऐकलं. फिंचने विचारलं, कधीपासून? मिल्टन म्हणाला, माहीत नाही. फिंच थोडा वेळ जमिनीवर स्वतःच्या सावलीकडे बघत राहिला. मग त्याने रुमाल मागवून घेतला, तो न हलवता घडी घालून खिशात ठेवला, आणि वर माणूस पाठवला.

पुढचं सगळं वीस मिनिटांत झालं. टीग खाली आला आणि त्याने डगल्याची उलटी बटणं स्वतःच काढायला घेतली. मिसेस ओचोआने त्याचे हात बाजूला करून ती काढली. हॅरल्सन नावाचा दुसरा स्टंटमन होता, सव्वीसेक वर्षांचा, त्याला डगला चढवला. खांद्यांत तो ढगळ झाला. मिसेस ओचोआने पाठीवर पाच टाचण्या मारल्या. हॅरल्सनने उडी मारली, फांदी पकडली, टोपी डोक्यावरच राहिली. फिंच म्हणाला, छान. कुणीही टाळ्या वाजवल्या नाहीत. टीग एका खडकावर बसून उडी बघत होता, तोंड किंचित डावीकडे फिरवून. उडी झाल्यावर तो नुसता म्हणाला, पाय उशिरा आवळला.

मिल्टन डॉजपाशी जाऊन उभा राहिला. जावं की थांबावं हे त्याला कळत नव्हतं. स्टुडिओची बस दुपारी निघणार होती, तिच्यात जागा मिळाली असती. टीग आला. त्याच्या अंगात बनियन होतं आणि कोपर सुजलेलं होतं. त्याने किल्ली मिल्टनसमोर धरली.

‘‘चालव.’’

‘‘मला येत नाही.’’

‘‘माहीत आहे.’’ टीगने किल्ली तशीच धरून ठेवली. मिल्टनने ती घेतली नाही आणि नजरही वळवली नाही. मग टीग स्टिअरिंगमागे बसला, आणि मिल्टन फेरी मारून स्वतःच्या जागी. गियर टाकून टीग म्हणाला, ‘‘मी ती दुसरी उडी मारली असती. पकडलीही असती.’’ मिल्टन म्हणाला, असेल. टीग म्हणाला, ‘‘असेल नाही.’’ मिल्टनला ठाऊक होतं की हे कधीच कळणार नाही. नवव्या भागाची फिल्म उलटसुलट कशीही छापली तरी तिच्यात ते सापडणार नाही. आपण याला वाचवलं की संपवलं, याचा मध्ये घालायचा तुकडा कुठल्याच डब्यात नव्हता.

कच्चा रस्ता उतरून ते हमरस्त्याच्या तोंडाशी आले. टीगने गाडी उभी केली. समोरून गाड्या जोरात जात होत्या, डावीकडून येत आणि उजवीकडे जात. टीगने मान वळवली नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तो सरळ समोर बघत राहिला आणि थांबला. मिल्टनला वाटलं, तो रडतोय की काय. मग त्याच्या ध्यानात आलं की टीग वाट बघतोय.

तो पुढे सरकला, छाती डॅशबोर्डला लावून, टीगच्या पलीकडे बघत. ‘‘डावीकडून पिकअप येतोय,’’ तो म्हणाला. ‘‘जाऊ दे.’’

पिकअप गेला.

‘‘मागे एक काळी गाडी. हळू आहे. तीही जाऊ दे.’’

‘‘नीट बघ, प्रोफेसर,’’ टीग म्हणाला. ‘‘तुला डावं-उजवं कळत नाही.’’

मिल्टनने आपल्या मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. घड्याळ असतं तो डावा. त्या बाजूला रस्ता लांबवर उन्हात थरथरत होता. काळी गाडी गेली. ‘‘आता काही नाही,’’ तो म्हणाला. टीगचा पाय ब्रेकवरून उचलला गेला, आणि गाडी हलायच्या आत मिल्टनने आणखी एकदा पाहिलं.